बंदरावरचं इंग्रजी

मला इंग्रजी येतं, असं सगळी चाळ म्हणायची आणि मी ते कधी खोडून काढलं नाही. नायगावच्या बीडीडी चाळीत मॅट्रिक झालेल्या मुली तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या. कुणाच्या घरी कोर्टाचं, विम्याचं, गिरणीच्या कचेरीचं इंग्रजी पाकीट आलं की ते आमच्या खोलीत यायचं. मी वाचायचे, मराठीत सांगायचे, आणि पाकीट घेऊन आलेली बाई माझ्या आईला म्हणायची, "पोरगी मडमच हाय तुझी." वाचणं वेगळं आणि बोलणं वेगळं, हा फरक करणारं तिथे कुणी नव्हतं. इंग्रजीचं एक वाक्यसुद्धा मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. बोलणार कुणाशी? वडील गिरणीत साच्यावर कापड विणणारे, आई घरी, आणि मी परळच्या म्युनिसिपल शाळेत मास्तरीण.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. गुजरात आणि महाराष्ट्र एकत्र बांधून केलेलं द्विभाषिक राज्य आमच्या माथी मारलं होतं, आणि मुंबईसह मराठी राज्य मिळेपर्यंत गप्प बसायचं नाही असं लालबाग-परळने ठरवलं होतं. मीही मोर्च्यांना जायचे, घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचे. आणि दर रविवारी सकाळी ट्रामने गिरगावात जाऊन इंग्रजी शिकवायला शिकायचे. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

चाळीतल्या एका कार्यकर्त्याला मात्र वाटत होतं. त्याने मला जिन्यात गाठलं.

"काय गं ताई, आम्ही इथे लाठ्या खातोय नि तू साहेबाची भाषा शिकवनार?"

"दिल्लीला तुमचं निवेदन जातं ते कुठल्या भाषेत रे?"

"इंग्रजीत. ते तर द्यावंच लागतं ना."

"लिहितं कोण?"

"गिरगावचे वकील लिहून देतात."

"मग उद्या माझ्या शाळेतल्या पोराने लिहिलं तर तुझ्या पोटात का दुखतं? घोषणा आपण द्यायच्या, लाठ्या आपण खायच्या, आणि अर्ज तेवढे गिरगावने लिहायचे?"

"तुज्या तोंडाला कोन लागनार," म्हणत तो खाली उतरला. पुढे त्याने आपल्या धाकट्या बहिणीला माझ्याकडेच पाठवलं.

गिरगावातल्या एका वाडीत, वरच्या मजल्यावरच्या सभागृहात आमचं मंडळ भरायचं. सरकारी नियम असा होता की मराठी शाळेत इंग्रजी आठवीपासून. ऐकायला छान. पण हायस्कुलं आठवीत घेताना मुलाला आधी थोडं इंग्रजी येतं का ते चाचपून बघायची. ज्यांच्या घरी वडील इंग्रजी पेपर वाचत त्यांचं निभायचं, बाकीच्यांची शाळा सातवीला संपायची. म्हणून मराठी शाळांतल्या शिक्षकांनाच इंग्रजी शिकवण्यात तयार करायचं, म्हणजे ते शाळा भरण्याआधी तासभर वर्ग घेतील, अशी मंडळाची योजना होती. सगळे स्वयंसेवक, कुणाला एक पै मिळत नसे. मंडळाचं शिफारसपत्र ज्याच्याकडे असेल त्या शिक्षकाला शिक्षण कचेरीकडून असा वर्ग काढायची परवानगी मिळे. पत्र नाही तर वर्ग नाही.

मंडळ चालवायचे तिघं. एक साहेब, शिक्षणखात्यातून निवृत्त झालेले, उन्हाळ्यातही कोट घालणारे. एक मोठ्या बाई, गिरगावातल्याच एका हायस्कुलाच्या माजी मुख्याध्यापिका, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत मुरलेल्या घराण्यातल्या. आणि तिसरी एका विलायती कंपनीतल्या अधिकाऱ्याची इंग्रज बायको, जिला सगळे नुसतं मडम म्हणत. ती महिन्यातून एकदा येऊन शिक्षकांचं इंग्रजी ऐकून जायची. मोठ्या बाईंचा कटाक्ष शुद्धतेवर. वाक्य चुकलं की उभं राहून ते पाच वेळा बरोबर म्हणायचं, सगळ्यांसमोर. मी कागदावर कधीच चुकत नसे आणि तोंड कधी उघडत नसे, त्यामुळे वर्षभरात मला शिफारसपत्र मिळालं. पुढे त्यांनी मला स्वयंसेविकाच करून घेतलं. कार्यक्रमात मला पहिल्या रांगेत बसवत. बीडीडी चाळीतली, नुकतीच बौद्ध झालेल्या घरातली मुलगी आपल्या मंडळात आहे हे पाहुण्यांना दिसावं, हे मला कळत होतं. मी बसायचे. पंखा त्याच रांगेवर होता.

त्या वर्षी मंडळाने बंदरातली बेटं हाती घ्यायचं ठरवलं. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने गेलं की तास-दीड तासावर लहान लहान बेटं आहेत, एकेका गावाची, एकेका शाळेची. तिथे जाऊन शिकवावं असं मंडळात कुणाच्या मनात आलं नाही. बेटांनी गिरगावात यावं. उंटावरून शेळ्या हाकायला गिरगावइतकी सोयीची जागा नाही. तीन बेटांवरचे तीन मास्तर आले, त्यातले दोघं दुसऱ्या रविवारपासून दिसेनासे झाले. उरलेला तिसरा माझ्या वाट्याला आला.

मास्तर पंचेचाळिशीचे असतील. काळेसावळे, रुंद पंजे, आखूड बाह्यांचा पांढरा शर्ट आणि डोक्यावर काळी टोपी. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे ताडगोळ्यांची पिशवी ठेवली आणि म्हणाले, "आमचे बेटावचे हाईत, बाय." मी अवघी तेवीस वर्षांची, पण शिकवणारी मी, म्हणून मी भुवया चढवून पिशवी बाजूला सारली. नंतर घरी नेऊन सगळे ताडगोळे खाल्ले, तो भाग निराळा.

त्यांच्या शाळेत सहावीत सात मुलं होती. बेटावरून हायस्कुलात गेलेलं एकही मूल आजवर नव्हतं. मास्तरांना एवढंच हवं होतं की जूनमध्ये वर्ग सुरू व्हावा आणि वर्षभरानंतर ही सात जणं मुंबईच्या हायस्कुलात बसावीत. "नायतं होडीव जातील, बाय," ते म्हणाले. "होडीव जानं वाईट नाय. पन होडीबिगर दुसरा कायच नाय, ता वाईट."

मडम त्याच रविवारी आली होती. ती हसत आमच्या बाकाशी आली आणि मला काहीतरी विचारलं. प्रश्न मला समजला. उत्तरही मनात व्याकरणासकट उभं राहिलं आणि तिथेच उभं राहिलं. तेवढ्यात शेजारून मास्तर म्हणाले, "शी टीचर, मेमसाब. व्हेरी गुड टीचर. टुडे फर्स्ट डे, मी लर्न, शी टीच. यू लाइक सिट? प्लीज, टेक चेअर."

मडम खूश झाली. ती बसली आणि पाच-दहा मिनिटं दोघं बोलत होते. लढाईच्या काळात मास्तर चार वर्षं एका विलायती बोटीवर होते, भंडारी म्हणून, म्हणजे आपल्या खलाशांचा स्वयंपाक करणारा माणूस. सातवी पास झालेला माणूस बोटीवरून परत आला आणि बेटावर टिकणारा मास्तर मिळत नव्हता, म्हणून शाळा त्यांच्याकडे आली. लिव्हरपूलचं धुकं, कप्तानाचं कुत्रं, बुडता बुडता वाचलेली बोट, सगळं त्यांनी तिला सांगितलं. एक वाक्य धड नव्हतं आणि एक गोष्ट कळली नाही असं झालं नाही. मी मात्र तिथे मेणाच्या बाहुलीसारखी बसले होते. मला मास्तरांचा राग आला. खरं सांगते, इतका राग मला लाठीमार करणाऱ्या पोलिसांचाही आला नव्हता.

मडम गेल्यावर मोठ्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "हे इंग्रजी नव्हे, हे बंदरावरचं आहे. हमाल-खलाशी बोलतात ते. हे त्याच्या जिभेवरून पार पुसून काढ, मग नवं घाल. तू करशील. तुझी जीभ कशी वळवली आम्ही! मराठी बोलताना चाळीतली वाटतेस का?"

त्यांना वाटलं आपण कौतुक केलं. मीही तेव्हा कौतुक म्हणूनच घेतलं आणि कामाला लागले. मास्तर "ही गो" म्हणाले की मी त्यांना उभं करायचे. पाच वेळा म्हणा. ते म्हणायचे. "मी लर्न" म्हणाले, उभे राहा. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, सभागृहात वीसेक शिक्षक बसलेले, त्यातले काही तोंडावर रुमाल धरून हसणारे. मास्तरांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. फक्त दर रविवारी ते थोडं थोडं कमी बोलू लागले. पाचव्या रविवारी मी त्यांना खिडकी दाखवून पुस्तकातला एक सोपा प्रश्न वाचला. ते खिडकीकडे बघत राहिले. बघता बघता त्यांच्या कपाळावर घाम आला.

"बोला ना मास्तर."

"बाय, मना आता बोलाची भीती वाटते," ते म्हणाले.

आणि मला ट्रेनिंग कॉलेजातला माझा एक दिवस आठवला. मी "पानी" म्हणाले होते. अध्यापकांनी मला फळ्यापाशी उभं करून "पाणी" म्हणायला लावलं. तीस वेळा. वर्ग मोजत होता. तेव्हापासून माझा ण असा खणखणीत झाला की वडील घरी चेष्टा करायचे, "आली बगा आमची भटीण, पानी प्यावं का न्हाई इचारून घ्या." मी हसायचे. पण तीस वेळा म्हणताना पंधराव्यानंतर मला जे झालं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी ठरवलं होतं की यापुढे पूर्ण खात्री झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. इंग्रजीची खात्री कधीच झाली नाही, म्हणून ते तोंड कधीच उघडलं नाही. आता मी तेच या माणसाला करत होते, आणि फुकट करत होते, समाजसेवा म्हणून.

रस्त्यात त्या दिवशी सभेची भित्तिपत्रकं लागली होती. मराठी माणूस एक, मराठी भाषा एक. मी मनात म्हटलं, कुणाची मराठी रे? माझ्या आईची चालेल? मास्तरांची चालेल? राज्य हवं तर सगळ्यांचं हवं, लाठ्या खाताना आमचं आणि बोलताना तुमचं, असं नाही चालणार.

पुढच्या रविवारी मास्तर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "गळला. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?" मी दुसऱ्या दिवशी शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली आणि भाऊच्या धक्क्यावर जाऊन लाँच पकडली.

शाळा म्हणजे कौलारू खोली आणि पुढे पडवी. आतून आरडाओरडा ऐकू आला. मी दाराआड थांबले. सहावीतली एक मुलगी बाकावर उभी होती, कमरेवर हात ठेवून. ती ओरडली, "ओपन द डोअर!" समोरचा पोरगा तितक्याच मोठ्याने ओरडला, "ओपन द डोअर, सर!" आणि येऊन त्याने माझ्याच अंगावर दार उघडलं.

मास्तर ओशाळले. परवानगी नसताना वर्ग घेत होते, त्यात पकडले गेले. मी म्हटलं, "हे काय चाललंय, आधी सांगा."

"काय नाय, बाय. बोटीचा खेल." त्यांनी समजावलं. बोटीवर कप्तानाने हुकूम दिला की तो घेणारा माणूस आधी तोच हुकूम मोठ्याने परत म्हणतो, मग कामाला हात लावतो. "गप ऱ्हाऊन केला, तं कप्तानाला कसा समजल का यानं बरोबर ऐकला? वाऱ्यानं आवाज उरून जातो. म्हनून पयले बोलाचा, मग कराचा. चुकीचा बोल्ला तं कप्तान परत सांगतो. त्याच्यान लाज नाय. लाज धरली तं बोट खरकाव जाल."

प्रत्येक मूल आळीपाळीने कप्तान होत होतं. चुकलेल्याला कुणी उभं करत नव्हतं, कारण सगळे उभेच होते. मंडळाच्या वर्गात वर्षभरात मी जेवढं इंग्रजी तोंडातून निघताना ऐकलं नव्हतं तेवढं त्या खोलीत अर्ध्या तासात ऐकलं.

"मास्तर," मी म्हटलं, "माझं चुकलं. मी तुमची बोलती बंद केली."

"जाऊ दे, बाय. तू तरी काय करशील."

"यंदापासून पत्रासाठी परीक्षेचा पाठ घेऊन दाखवावा लागतो, तो असाच द्यायचा. खेळ म्हणून नाही. पाठ म्हणून."

ते नको नको म्हणत होते. त्या बाकावरच्या मुलीने मधेच विचारलं, "मास्तर, पत्र नाय मिलाला तं आमी मुंबयला नाय जावाचा?" मास्तर तयार झाले.

परीक्षेचा पाठ एका रविवारी माझ्याच शाळेत, परळला ठेवला होता. मुलं माझ्या वर्गातली, चाळीस. नेमका त्या दिवशी मोर्चा निघाला. ट्राम बंद, बस बंद, नाक्यानाक्यावर पोलीस. साहेब, मोठ्या बाई आणि मडम कंपनीच्या मोटारीतून आडरस्त्याने येऊन पोहोचले. मास्तरांचा पत्ता नव्हता. साहेबांनी तीनदा घड्याळ काढलं. "वक्तशीरपणा हा पहिला धडा," असं ते मराठीत म्हणाले. माझ्याशी ते नेहमी मराठीतच बोलायचे. दीड तासाने मास्तर आले, धक्क्यापासून चालत, लालबागेत मोर्च्यात सापडून त्याच्याबरोबर वाहत. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, टोपी कुठेतरी पडलेली. नळावर तोंड धुतलं आणि वर्गावर उभे राहिले.

पहिली दोन मिनिटं ते चाचरले. मग त्यांनी एका मुलीला टेबलावर चढवलं, म्हणाले, "यू कॅप्टन. यू से, ही से, ही डू," आणि वर्ग सुटला. खिडकी उघड, खिडकी लाव, पुस्तक दे, पुस्तक घे, पाणी आण, फळा पूस. प्रत्येक हुकूम परत ओरडून आणि मग कामाला. बाहेरून मोर्च्याच्या घोषणा येत होत्या, आतून ही पोरं त्यांच्या वरताण. पुढे कप्तान व्हायची पाळी आलेला एक पोरगा टेबलावरून मास्तरांनाच म्हणाला, "सिट डाउन!" मास्तर ओरडले, "सिट डाउन, सर!" आणि चक्क जमिनीवर बसले. पोरं हसून लोळली. मग त्या कार्ट्याला चेव आला. पाहुण्यांकडे बोट दाखवून तो म्हणाला, "स्टँड अप!"

मडम ताडकन उठली. "स्टँड अप, सर!" म्हणाली आणि सलाम ठोकून उभी राहिली. मोठ्या बाई अर्धवट उठल्या आणि साहेबांकडे बघून परत बसल्या. साहेब हलले नाहीत.

मुलांना घरी सोडल्यावर साहेबांनी निकाल सांगितला. मास्तर दाराशी उभे होते. कुणी त्यांना बसा म्हटलं नाही. "हातोटी आहे," साहेब म्हणाले. "पण भाषा बंदरावरची. असं इंग्रजी मुलांच्या कानांवर पडण्यापेक्षा इंग्रजी न पडलेलं बरं. शिफारसपत्र देता येणार नाही."

मडमला निकाल इंग्रजीत सांगितला तेव्हा ती म्हणाली की तिला तर त्याचा शब्दन्‌शब्द समजला. साहेब तिला अदबीने म्हणाले की आमच्या मुलांबद्दल आपल्याला कल्पना नाही. मला हसू आलं. इंग्रजांना चालणारं इंग्रजी साहेबांना चालत नव्हतं.

मास्तरांनी कोपऱ्यातली पिशवी उचलली. ते वळले तेव्हा मला त्या सात पोरांची तोंडं दिसली आणि माझं डोकं फिरलं.

"साहेब," मी म्हटलं, "मग माझंही पत्र परत घ्या."

"तुमचा काय संबंध? तुमचं इंग्रजी उत्तम आहे."

"तुम्ही कधी ऐकलंत? दोन वर्षं मी इथे आहे. एकदा तरी माझ्याशी इंग्रजीत बोललात? आता बोला. विचारा काहीही."

साहेब गोंधळले. मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, असं काय बोलतेस?" शेवटी साहेबांनी विचारलं की मी एवढी का चिडले आहे. इंग्रजीत विचारलं. उत्तर मनात व्याकरणासकट उभं होतं, पण या वेळी मी त्याची वाट बघितली नाही.

"ही स्पीक," मी म्हटलं. "आय नो स्पीक. यू गिव्ह पेपर मी. नॉट ही. व्हाय?"

माझ्या आयुष्यातलं पहिलं इंग्रजी बोलणं ते. त्यात धड असं काही नव्हतं. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. पण तिघांनाही ते समजलं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. साहेब एवढंच म्हणाले की अशा वागणुकीच्या स्वयंसेविकेची मंडळाला गरज नाही. मी म्हटलं, "बरं."

त्या दुपारी रिकाम्या वर्गात बसून मी जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीला इंग्रजीत अर्ज लिहिला. या मास्तरांना शिकवताना मी स्वतः पाहिलं आहे, त्यांच्या वर्गातलं प्रत्येक मूल बोलतं, त्यांना वर्ग काढू द्यावा. खाली सही केली आणि माझ्या शाळेचा पत्ता घातला. मंडळाचं नाव घालायचा मला अधिकार नव्हता आणि इच्छाही नव्हती. मास्तर शेजारच्या बाकावर बसून डोकावत होते.

"याचा काय उपेग व्हल, बाय?"

"नाही झाला तर दुसरा लिहीन. कागद संपेपर्यंत लिहीन."

तीन लिहावे लागले. तिसऱ्याला उत्तर आलं. शाळेच्या वेळेआधी, वर्षापुरता वर्ग घ्यायला हरकत नाही. कुणी मजकूर वाचून दिलं की माझ्या कटकटीला कंटाळून दिलं, देव जाणे, आणि आमचा तर देवही आता राहिला नव्हता. जूनमध्ये वर्ग सुरू झाला. पुढच्या जूनला सातांतली पाच मुलं मुंबईच्या हायस्कुलांत बसली. दोघं दादरला, तिघं गिरगावात. उरलेल्या दोघांपैकी एकाचे वडील वारले होते, त्याला होडीवर जावं लागलं. बाकावर उभी राहणारी ती मुलगी तापाने अंथरुणाला खिळली होती, ती वर्षभराने हायस्कुलात गेली.

त्या दिवाळीत मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता. मला बोलावणं नव्हतं, पण कार्यक्रम सर्वांना खुला असल्याची पाटी वाडीच्या तोंडाशी होती, म्हणून मी गेले आणि मास्तरांनाही घेऊन गेले. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. साहेब अहवाल वाचायला उभे राहिले. किती रविवार, किती शिक्षक, किती शाळा. मग त्यांनी वाचलं की मंडळाच्या प्रशिक्षणामुळे बंदरातल्या बेटावरही इंग्रजीचा वर्ग सुरू झाला असून यंदा पाच विद्यार्थी हायस्कुलात दाखल झाले आहेत. टाळ्या पडल्या.

मी उभी राहिले. "साहेब, हे खोटं आहे."

सभागृह वळून बघू लागलं. मास्तर माझी बाही ओढत होते. "बस ना, बाय. जाऊ दे. पोरा शालेत गेली ना."

"हे मास्तर इथे बसलेत," मी म्हटलं. "यांना तुम्ही पत्र नाकारलं होतं. वर्ग यांनी काढला, यांच्या बंदरावरच्या इंग्रजीत. मंडळाने काढला नाही."

"आपण नंतर बोलू. खाली बसा," साहेब म्हणाले.

"नंतर नाही. ते वाक्य खोडा, मग बसते."

पुढच्या रांगेतून कुणीतरी "काय हा उद्धटपणा" म्हणालं. मोठ्या बाई मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, साहेबांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "खोडा. खरं आहे ते." साहेबांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि कागदावर आडवी रेघ मारली. ती मारून झाल्याचं मला दिसलं, तेव्हा मी बसले.